पेशी वाढल्या तर? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण आणि घरच्यांसाठी माहिती

आमच्या अंबाजोगाईच्या लॅबमध्ये पावसाळा लागला की दिवाळीपर्यंत खिडकीवर एकच प्रश्न असतो : “पेशी किती आल्या?” डेंग्यूने प्लेटलेट हा शब्द मराठवाड्यात वाडी-तांड्यापर्यंत पोचवला. पेशी कमी आल्या की सगळं घर जागं होतं. कुणी पपईची पानं आणतं, कुणी शेळीचं दूध, कुणी लातूरहून किवी. पण पेशी वाढल्या तर कुणी काही विचारत नाही. “साडेपाच लाख? चांगल्याच आहेत की!” म्हणत रिपोर्ट घडी होऊन पिशवीत जातो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र वाढलेला आकडाही कमी झालेल्या आकड्याइतकाच बघण्यासारखा असतो.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे प्लेटलेटला सर्रास ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, तांबड्या प्राणवायू वाहतात आणि प्लेटलेट रक्त गोठवतात. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी; तिच्या रिपोर्टवर तिन्ही वेगवेगळ्या ओळींत असतात. फोनवर दवाखान्यात सांगताना “पांढऱ्या पेशी कमी झाल्यात” म्हणालात आणि खरं तर प्लेटलेट कमी असल्या, तर डॉक्टरांचा विचार भलतीकडेच जाईल. ओळीचं नाव वाचून सांगा, नाहीतर रिपोर्टचा सरळ फोटो पाठवा.

प्लेटलेट हाडांच्या मज्जेत तयार होतात आणि रक्तात साधारण ७ ते १० दिवस जगतात. मोठ्या माणसात एका मायक्रोलिटर रक्तात दीड लाख ते साडेचार लाख असाव्यात.

आता सूज. हा शब्द ऐकला की मावशी लगेच पायाकडे बघतात. पण इथे जी सूज म्हणतो ती बाहेरून दिसत नाही. आतड्यात गाठ असली की शरीर तिच्याशी जखमेसारखं वागतं. तिथे पांढऱ्या पेशी जमतात, निरोप देणारी रसायनं सुटतात. त्यातलं इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन यकृतापर्यंत जातं. यकृत दोन कामं करतं : सीआरपी नावाचं प्रथिन बनवून रक्तात सोडतं, आणि थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक वाढवतं. ते संप्रेरक मज्जेला सांगतं की प्लेटलेट वाढवा. म्हणून काही रुग्णांत सीआरपी आणि प्लेटलेट जोडीने चढलेले दिसतात. रिपोर्टवर दोन ओळी, मूळ एकच.

वाढलेल्या प्लेटलेट नुसत्या बघत बसत नाहीत, हे संशोधनातून दिसलं आहे. गाठीतून सुटून रक्तात आलेल्या कॅन्सरच्या पेशींना त्या चिकटतात, आणि शरीराच्या पहारेकरी पेशींना त्या कॅन्सरच्या पेशी नीट सापडत नाहीत. शिवाय नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारी द्रव्यं प्लेटलेटच्या पोटातूनच सुटतात. उपचार सुरू करण्याआधीच प्लेटलेट खूप चढलेल्या असल्या तर डॉक्टर त्याची नोंद घेतात ती यासाठी.

प्लेटलेट वाढण्याची दुसरी वाट आमच्या भागात जास्त दिसते, आणि तिच्याबद्दल आम्हाला फार कळकळ आहे. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ बऱ्याचदा थोडं थोडं रक्त गाळत राहते. परसाकडे लाल काही दिसत नाही, दुखत नाही. महिनोन्‌महिने लोह निघून जातं. माणसाला दम लागतो, रानातून घरी येताना मधे बसावं लागतं. लोह कमी झालं की मज्जा प्लेटलेट जास्त बनवू लागते. मग रिपोर्ट असा दिसतो : हिमोग्लोबिन आठ, तांबड्या पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही ७० च्या खाली, आणि प्लेटलेट पाच लाखांवर. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचा, किंवा पाळी गेलेल्या बाईचा, असा रिपोर्ट आला तर फक्त रक्तवाढीची बाटली घेऊन थांबू नका. रक्त कुठे जातंय हे शोधायला हवं. ‘मूळव्याध आहे’ असं स्वतःच ठरवून वर्ष-वर्ष काढलेली माणसं आम्ही खिडकीसमोर पाहिली आहेत. मूळव्याध असेलही. पण दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाल्याशिवाय ते नक्की होत नाही.

लोहाचा साठा बघायला आपण फेरिटिन करतो. पण अंगात सूज असली की फेरिटिन खोटंच वाढतं. कॅन्सरच्या रुग्णाचं फेरिटिन ‘नॉर्मल’ आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं होत नाही, त्यासोबत सीआरपी वाचावा लागतो. डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिले असतील तर पैसे वाचवायला एकच करा असं कृपया म्हणू नका.

आता लगेच घाबरू का नये, ती बाजू. प्लेटलेट वाढण्याची बहुतेक कारणं कॅन्सरची नसतात : लोहाची कमतरता, क्षयासारखा संसर्ग, सांधेवात, नुकतंच झालेलं ऑपरेशन, काढून टाकलेली प्लीहा (पोटात डाव्या बाजूचा, रक्त गाळणारा अवयव). इंग्लंडमध्ये २०१७ साली चाळिशीच्या पुढच्या लोकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्लेटलेट चार लाखांच्या वर असलेल्या पुरुषांपैकी ११.६ टक्के आणि बायकांपैकी ६.२ टक्के लोकांना पुढच्या वर्षभरात कॅन्सर निघाला. त्यात फुप्फुसाचा आणि मोठ्या आतड्याचा जास्त होते. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींहून जास्त पुरुषांना त्या वर्षात काहीच निघालं नाही. एका आकड्यावर कॅन्सर ठरत नाही. पण आकडा चढलेलाच राहिला आणि कारण सापडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या यांचं नातं जुनं आहे. फ्रान्सचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्येच ते सांगितलं होतं. कीमोआधी गुठळीचा धोका मोजायची जी गुणपद्धत आहे तीत प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त असल्या की धोक्याचा एक गुण वाढतो. रिपोर्टवर हा आकडा नॉर्मलच छापलेला असतो, त्यावर लाल खूण नसते. म्हणून ‘सगळं काळ्या शाईत आहे’ एवढ्यावर जाऊ नका. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर आमच्याकडे तपासणीला येऊ नका. थेट मोठा दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

ॲस्पिरिनबद्दल विचारणारे वाढले आहेत. उत्तर युरोपातल्या एका अभ्यासाचे निकाल २०२५ मध्ये आले. ऑपरेशननंतर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतलेल्या काही रुग्णांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. पण गाठीत ठरावीक जनुकीय बदल असलेल्यांनाच त्या अभ्यासात घेतलं होतं. ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका, आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशननंतर सीआरपी चढतो, ते अपेक्षितच असतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिखरावर जातो आणि मग उतरायला लागतो. उतरायच्या ऐवजी चढत राहिला तर आतड्याची शिवण गळते आहे का, हे सर्जन बघतात, म्हणून ते तपासण्या परत परत पाठवतात. प्लेटलेट मात्र उशिरा, आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढतात आणि हळूहळू खाली येतात.

कीमो सुरू झाली की चित्र उलटतं. औषध मज्जेवर काम करतं, प्लेटलेट घसरतात. ऑक्सॅलिप्लॅटिनवर असलेल्यांची प्लीहा मोठी होऊन आणखी प्लेटलेट अडकून राहू शकतात. ठरावीक आकड्याच्या खाली डोस पुढे ढकलतात. हा आकडा डॉक्टर ठरवतील, पपईची पानं नव्हे. कीमोच्या काळात कुठलाही रस, काढा, पावडर विचारल्याशिवाय नको. अंगावर बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका.

याच काळातली एक गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात केज भागातल्या एका मामांची तिसरी कीमो दुसऱ्या दिवशी होती. मशीनने प्लेटलेट ४१ हजार दाखवल्या. मुलगा खिडकीशीच खाली बसला. मामांना ना ठिपके, ना रक्त. आम्ही स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मधे प्लेटलेट तुरळक होत्या, पण स्लाइडच्या शेपटीकडे सरकवलं तर जांभळ्या ठिपक्यांचे घोसच्या घोस, वीस-वीस, तीस-तीस एकत्र चिकटलेले. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं द्रव्य असतं. काही माणसांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात, आणि मशीन अख्खा घोस मोजायचं सोडून देतं. निळ्या झाकणाच्या नळीत परत रक्त घेतलं. १.६९ लाख आल्या. त्या नळीत द्रव आधीच असल्याने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून १.१ ने गुणायचं : १.८६ लाख. मामांची कीमो ठरल्या दिवशी झाली.

उलटही होतं. लोह फारच कमी असेल तर तांबड्या पेशी इतक्या बारीक होतात की मशीन त्यांना प्लेटलेट समजतं आणि आकडा फुगतो. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाची प्लेटलेट एक लाखाच्या खाली किंवा साडेचार लाखांच्या वर आली की आम्ही स्लाइड बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही. त्याला तासभर जास्त लागतो, पैसे वेगळे लागत नाहीत.

काही रिपोर्टवर प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर, तसंच न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) यांचं गुणोत्तर छापलेलं असतं. सुजेचा अंदाज घ्यायला अभ्यासक ते वापरतात. साध्या सर्दीनेही ते हलतं, त्यामुळे घरी बसून त्याचा अर्थ लावत बसू नका.

गावाहून नमुना पाठवत असाल तर नळी भरल्या-भरल्या आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, झटकू नका. बर्फावर ठेवू नका, मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तर नकोच. सावलीत, कापडात गुंडाळून, सकाळच्या पहिल्या एसटीने आली तर उत्तम.

आणि येताना जुने रिपोर्ट आणा, कुठल्याही लॅबचे असोत. दोन वर्षांपूर्वी अडीच लाख, गेल्या वर्षी साडेतीन, आता साडेचार. यातला एकही आकडा एकटा बघितला तर नॉर्मलच वाटेल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे कागद कोपीतच राहून जातात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून प्रत्येक रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. संभाजीनगर, बार्शी की मुंबई, कुठेही उपचार चालू असले तरी मागचे आकडे तारखेनुसार एका कागदावर उतरवून द्यायचं काम आमच्या खिडकीवर विनामूल्य होतं. सांगताना फक्त ऑपरेशनची आणि प्रत्येक कीमोची तारीख सांगा, म्हणजे त्या आकड्यांशेजारी तीही लिहिता येईल.