फडक्यात बांधलेली मटकी

दूधदुभतंही वगळून केवळ वनस्पतींवर जेवायचं म्हटलं, की बदामाचं दूध आणि टोफूच्या किमतींची चर्चा सुरू होते. मला मात्र आठवते ती ओल्या फडक्यात बांधलेली मटकीची पुरचुंडी.

आधी हिशेब करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. पावकिलो कोरड्या मटकीत जवळपास तेवढी असतात. तिची उसळ चौघांत वाटली तर प्रत्येकाला बारा ग्रॅम, वर ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून आठ-दहा. एका जेवणात निम्म्याच्या जवळ आलो, शेंगदाण्याचं कूट अजून धरलेलंच नाही! ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांची एक वीट, कमी असतं, ते मटकीत भरपूर. मटकीत मेथिओनिन तोकडं, ते ज्वारी पुरवते. दोन्ही एकाच ताटात हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली म्हणजे झालं.

पण खरी गंमत पुरचुंडीच्या आत चालते. कोरड्या दाण्यात फॉस्फरस साठवलेला असतो तो फायटिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल लोह आणि जस्त यांना घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे दाण्यात लोह असूनही आपल्या आतड्याला ते नीट मिळत नाही. दाणा भिजला की रोपाला फॉस्फरसची गरज लागते, फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि ती पकड सैल होऊ लागते. पोटात वायू धरायला लावणाऱ्या शर्कराही घटतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडांत तयार होतं. हे सगळं फुकट, फक्त पाणी आणि वेळ लागतो. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड फडक्याच्या विणीतून बाहेर येतात, थंडीत पुरचुंडी उबेला ठेवावी लागते.

क जीवनसत्त्व उष्णतेनं बरंचसं नष्ट होतं. म्हणून ताटात वाढलेल्या उसळीवर लिंबू पिळायचंच. लिंबाच्या रसाने वनस्पतींमधलं लोह शोषलं जाईल अशा रूपात येतं आणि टिकतं. उलट जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातली टॅनिनं तेच लोह अडवतात. तासभर थांबा, एवढी एक सवय बदलायला एक पैसा लागत नाही.

कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेतच.

एका गोष्टीत मात्र ही पुरचुंडी हात टेकते. ब-12 जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, वनस्पती नाही. मोड आणून किंवा इडलीचं पीठ आंबवून ते भरवशाने मिळत नाही. त्याच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, रक्तक्षय होतो आणि मज्जातंतूंचं नुकसान कधीकधी भरूनही निघत नाही. दूध-दहीही सोडलं असेल, तर डॉक्टरांना विचारून ब-12ची गोळी सुरू करा. किराणा मालाच्या यादीत तिचाही खर्च धरा.