पितळी भांडी, कल्हई आणि यकृत : आमच्या ग्राहकांसाठी

श्रावण लागला की कुडाळ-सावंतवाडीकडच्या घरांतले पितळी टोप माळ्यावरून खाली येतात. गणपतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची आमटी त्यातच रटरटते. मग दुकानात हमखास विचारलं जातं, पितळेतलं अन्न चांगलं की वाईट? ही भांडी आम्हीच विकतो, तरी सरळ सांगतो. आतली कल्हई, म्हणजे कथिलाचा पातळ थर, शाबूत असेल तर खुशाल वापरा. ती उडाली असेल, तर आंबट काही आणि तान्ह्याचं दूध त्यात घालू नका.

पितळेत मुख्यतः तांबं असतं. ते शरीराला लागतं, पण मोठ्या माणसालाही दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. टाकण्यापेक्षा येणं वाढलं की ते यकृतातच साचतं आणि तिथल्या पेशी खराब होऊ लागतात.

आपल्याकडे आमसूल, चिंच, कैरी यांशिवाय पान वाढलं जात नाही. बिनकल्हईच्या टोपात अशा रसात तांबं उतरतं, कढी हिरवट पडते, तोंडाला कळक लागते. कळकलेलं कुणी खात नाही, म्हणून निदान तिथे सुटका होते. दूध मात्र फसवतं. ते आंबट नसतं, तरी त्यातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं आणि चवीवरून काही कळत नाही.

याची मोठी किंमत आपल्याच राज्यातल्या मुलांनी मोजली आहे. पोट फुगणं, यकृत दगडासारखं कडक होणं, असा एक जीवघेणा आजार एक-दोन वर्षांच्या मुलांत दिसायचा. १९८०च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर या मुलांच्या आहाराची चौकशी केली. बऱ्याच घरांत बाळाचं वरचं दूध पितळी भांड्यात तापवलं किंवा ठेवलं जात होतं. १९८३ साली हा संबंध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला. पुढे घराघरांत स्टील आलं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. म्हणून बाळासाठी पितळी तपेली मागणाऱ्या आजींना आम्ही स्टीलची देतो, मग त्या रागावल्या तरी चालेल.

तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठीक आहे. कोकम सरबत किंवा लिंबूपाणी भरू नका.

कल्हई कथिलाची हवी. स्वस्तात करून देणारे काही जण त्यात शिसं मिसळतात, आणि शिशाचा मार मुलांच्या मेंदूवर बसतो. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर बारीक कुरकुर ऐकू येते. शिसं बरंच असेल तर ती कागदावर काळपट रेघ उमटवते. आमच्या भट्टीवर समोर उभं राहून पाहा, कुणी हरकत घेणार नाही. कथिल २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामा टोप चुलीवर ठेवू नका. उलथनं लाकडी वापरा, तारेची घासणी नको.

आता ‘यकृत साफ करणाऱ्या’ पुड्यांबद्दल. लोक विचारतात, आम्ही ठेवत नाही. शरीराला मदत करणारी खनिजं इथल्या जेवणातच आहेत. जस्त आतड्यात तांब्याला अडवणारं प्रथिन वाढवतं. याच गुणामुळे, तांबं साचण्याच्या विल्सन नावाच्या आनुवंशिक आजारात डॉक्टर जस्त देतात. कालवांत ते भरपूर असतं, पण कालवं कारखान्यांच्या सांडपाण्याच्या खाडीतली नकोत, कारण ती कॅडमियमही तितक्याच आवडीने गोळा करतात. बांगडा-तारलीत सेलेनियम मिळतं आणि मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांपेक्षा पारा पुष्कळ कमी असतो. पोटात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की शिसं कमी शोषलं जातं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा भाकरी, आंबील सुरू ठेवा. जस्ताच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्या फार दिवस घेतल्या तर उलट तांबंच कमी पडून रक्तक्षय होतो. डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं तर आधी डॉक्टर गाठा.

टोपाच्या तळाला पिवळा-लाल डाग दिसू लागला की कल्हईची वेळ झाली. चतुर्थीच्या आठवड्यात भट्टीवर रांग लागते, भांडी त्याआधीच आणून द्या.