डब्ब्यावर डॉल्फिन कुठून आला

मामाचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, तर प्रोटीनसाठी म्हणून नागपूरहून ट्यूनाचा डब्बा घेऊन आला. वर डॉल्फिनचं चित्र. आजी म्हणे, "एवढी मोठी मासोळी इतक्याशा डब्ब्यात मावली कशी रे बाप्पा?" मी सांगितलं की आत डॉल्फिन नाही, ट्यूना आहे, कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो. "मंग फोटो काहून लावला?"

आता त्या काहूनचं उत्तर लांब आहे.

पूर्व पॅसिफिकमध्ये मोठा यलोफिन ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतो. डॉल्फिन श्वासासाठी वर येतात, लांबून दिसतात, म्हणजे ट्यूना कुठे आहे ते आयतंच कळतं. आधी लोक गळाने एकेक मासा ओढायचे पण 1950 च्या दशकाच्या शेवटी नायलॉनची जाळी आली, ती ओढायला यांत्रिक कप्पी आली, मग स्पीडबोटी सोडून अख्खा कळपच घेरायचा आणि बटव्याची नाडी ओढावी तशी जाळ्याची खालची दोरी ओढून तोंड बंद करायचं. डॉल्फिन जाळ्यात गुरफटून गुदमरायचे. तेव्हापासून एकूण 60 लाखांवर मेले असा अंदाज आहे.

तोड काढली ती मच्छीमारांनीच, हे मला भारी वाटतं. अर्धं जाळं ओढून झालं की जहाज रिव्हर्स घ्यायचं, त्याने पलीकडच्या टोकाची तरंगती दोरी पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन वरून निसटतात, ट्यूना खालीच राहतो. तरी काहींचं तोंड जाळ्याच्या भोकात अडकायचंच, म्हणून सॅन दिएगोच्या हॅरोल्ड मेडिना नावाच्या कॅप्टनने 1971 मध्ये त्या टोकाला बारीक विणीचा तुकडा लावला. 1972 मध्ये अमेरिकेत समुद्री सस्तन प्राणी वाचवायचा कायदा झाला, पण दुसऱ्या देशांची जहाजं वाढत गेली आणि 1986 मध्ये पुन्हा सव्वा लाखाच्या वर डॉल्फिन मेले.

मग सॅम लाबुडे नावाचा एक जण पनामाच्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून चढला, खरा हेतू लपवून व्हिडिओ काढला, 1988 मध्ये तो टीव्हीवर आला आणि लोक भडकले. एप्रिल 1990 मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांनी डॉल्फिन घेरून धरलेला ट्यूना घेणं बंद केलं, अन् त्याच वर्षी 'डॉल्फिन-सेफ', म्हणजे हा ट्यूना धरताना डॉल्फिनला इजा केली नाही, या लेबलचा कायदा आला. डब्ब्यावरचा डॉल्फिन तिथून आला. 1999 पासून डॉल्फिन वाचवायचा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, मोठ्या प्रत्येक जहाजावर निरीक्षक असतो आणि मरणाऱ्या डॉल्फिनचा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास किंवा त्याखाली आला.

पण लेबल फक्त डॉल्फिनपुरतंच बोलतं. जहाजं मासे जमावेत म्हणून समुद्रात सोडलेल्या तरंगत्या तराफ्यांकडे वळली, सावलीला ट्यूना जमतो तसे शार्क अन् कासवंही जमतात. तराफ्याखाली जुनी जाळी लटकवायचे, हिंद महासागरात त्यात वर्षाला 4.8 ते 9.6 लाख सिल्की शार्क अडकून मरत असतील असा अंदाज 2013 च्या अभ्यासात निघाला. आता बिनजाळ्याचे तराफे करायला लावतात. लांब दोरीच्या गळांना अल्बाट्रॉस पक्षी झोंबायचे, त्यावर जपानी खलाशांनी दोरीला पट्ट्या बांधून फडफडवल्या, आपण धानाच्या बांधीत चमकपट्टी बांधतो अगदी तेच!

आपल्या बाजूला त्रास वेगळा, इथे पडजाळी, म्हणजे पाण्यात पडद्यासारखी उभी सोडायची जाळी, जास्त. हिंद महासागरात 1950 ते 2018 मध्ये अशा जाळ्यांत 41 लाख डॉल्फिन वगैरे सापडले असतील असं संशोधकांनी मांडलंय. पाकिस्तानच्या मच्छीमारांनी जाळं पृष्ठभागापासून दोनेक मीटर खाली लावून पाहिलं, डॉल्फिन बरेच कमी अडकले.

हे सगळं मी आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावरच्या ढिवर काकांना सांगितलं. ते जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले, "कासवाचंही तसंच. रातभर जाळ्यात राह्यलं का मरते, त्याले श्वास घ्याले वर यावं लागते ना." म्हणून ते रात्री दोनला टॉर्च घेऊन एक चक्कर मारून येतात.