सॉफ्टवेअर लायब्ररीतील अंतर्गत गुणवत्ता सुधारणा

सॉफ्टवेअर लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत बाहेरून दिसणारे वर्तन तसेच ठेवून कोडची रचना, चाचण्या, वेग, मेमरीचा वापर आणि सुरक्षितता यांत केलेले फेरफार. लायब्ररी हे स्वतंत्र ॲप नसते. इतर प्रोग्रामर आपल्या प्रोग्रॅमला जोडून घेतात असा तो तयार कोड असतो, त्यामुळे शेवटी तो प्रोग्रॅम वापरणाऱ्या माणसाला लायब्ररीचे नावही माहीत नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी माणसाच्या मोबाइलवर दिवसभर मराठी आणि कन्नड असा दुहेरी मजकूर येतो. ही अक्षरे जुळवून पडद्यावर मांडणारी हार्फबझ ही लायब्ररी अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या साऱ्यांत आहे. ती अपडेट झाल्याचे कोणाला कळत नाही, आणि कळू नये अशीच अपेक्षा असते.

हे काम वाटते तितके सरळ नाही. ‘सूर्य’ हा शब्द दोन्ही लिप्यांत एकाच क्रमाने साठवला जातो : र, हलन्त, य. देवनागरीत त्या ‘र’चा रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर चढतो, तर कन्नडमध्ये त्याचे अर्कावत्तू होऊन ते अक्षराच्या उजवीकडे जाते. मराठीला शिवाय ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला आडवा ‘र’ लागतो. हिंदीत तो नसतो. अशा नियमांचा गुंता सोडवून कोड सुटसुटीत करायला घेतला, तर एका लिपीतली दुरुस्ती दुसरीतले अक्षर मोडू शकते. म्हणून हार्फबझच्या कर्त्यांनी विकिपीडियातून प्रत्येक लिपीचे लाखो शब्द घेतले आणि आपल्या लायब्ररीची मांडणी युनिस्क्राइब या मायक्रोसॉफ्टच्या अक्षरमांडणी लायब्ररीच्या मांडणीशी ताडून पाहिली. नियम बदलला की हीच तपासणी पुन्हा करायची. काही बिघडले नाही, एवढेच सिद्ध करण्यासाठी हा सारा खटाटोप होता.

अंतर्गत सुधारणांचे भांडवल चाचण्या हेच असते. कोडची पुनर्रचना, ज्याला प्रोग्रामर रिफॅक्टरिंग म्हणतात, ती चाचण्यांशिवाय करणे म्हणजे निव्वळ धाडस. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न दुरुस्त केला तरी कास्टिंग जुन्याच गेजला, म्हणजे माप तपासायच्या साधनाला, बसावे लागते. चाचण्या म्हणजे ते गेज. या बाबतीत एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचे उदाहरण टोकाचे आहे. तिच्या ३.४२.० या आवृत्तीत मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा होता आणि चाचण्यांचा कोड त्याच्या ५९० पट. माणसाने लिहिलेल्या चाचण्यांच्या जोडीला फझिंगही असते : यंत्राने तयार केलेला वेडावाकडा मजकूर लायब्ररीवर सतत मारायचा आणि ती कुठे कोसळते ते पाहायचे. मुक्त, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, लायब्रऱ्यांसाठी ही सोय गूगलने २०१६ मध्ये ओएसएस-फझ या नावाने सुरू केली.

अशा कामाला पैसा आणि माणसे सहसा मिळत नाहीत, कारण दाखवायला काही नवे नसते. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीने याची किंमत मोजली. मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीत एका ठिकाणी लांबीची तपासणी राहून गेली. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरच्याला वाचता येत होता. ‘हार्टब्लीड’ या नावाने हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. दुरुस्ती थोडक्या ओळींची होती. खरी सफाई पुढची काही वर्षे चालली. लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने निधी आला, कोड एकसारख्या शैलीत पुन्हा मांडला गेला आणि २०१६ च्या १.१.० या आवृत्तीत आतल्या रचना बाहेरच्या प्रोग्रॅमपासून झाकण्यात आल्या. या शेवटच्या बदलाने अनेकांचे प्रोग्रॅम मोडले, कारण त्यांनी आतल्या भागांना थेट हात घातला होता. ओरड झाली, पण बदल योग्यच होता.

‘वर्तन तसेच ठेवून’ ही व्याख्येतली अट म्हणूनच फसवी आहे. गूगलमध्ये काम केलेले अभियंता हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा : वापरणारे पुरेसे झाले की लायब्ररीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वर्तनावर, मग ते लिखित हमीत असो वा नसो, कोणी ना कोणी विसंबलेला असतोच. ‘गो’ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कर्त्यांनी यावर तिरकस उपाय काढला. मॅपमधल्या, म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यातल्या, नोंदींचा क्रम ते मुद्दाम बेभरवशाचा ठेवतात, म्हणजे त्यावर विसंबण्याची सवयच लागत नाही.

वर्णानुक्रम हे याचे चांगले उदाहरण. युनिकोड या मानकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, पण मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, आणि कन्नडमध्येही. नुसत्या क्रमांकांवर लावलेल्या यादीत ‘काळे’ आधी आणि ‘कासार’ नंतर येतात. मराठी रीतीने ते उलटे हवेत. पतसंस्थेच्या सभासद यादीत हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. क्रम सुधारणे ही निखळ सुधारणा वाटते. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीने ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत क्रमाचे तक्ते आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घेतले, आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेल्या सूची, गडबडले. ते इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले होते, शोध मात्र नव्या क्रमाने होऊ लागला. ‘१-१’ आणि ‘११’ यांतले आधी कोण, एवढा साधा निकालही काही भाषांत फिरला. परिणामी तक्त्यात असलेली नोंद सापडेना, आणि एकदाच यावे असे नाव दुसऱ्यांदा घातले तरी डेटाबेस अडवेना. ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केल्यावर मजकुरावरचे इंडेक्स नव्याने बांधणे हाच उपाय होता, आणि तो करायचे ज्याच्या ध्यानात आले नाही त्याचा डेटा गुपचूप बिघडत राहिला.

कंटाळवाणे बदल कोणी बारकाईने वाचत नाही, याचा गैरफायदाही घेतला गेला आहे. एक्सझेड या फाइलींचा आकार लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातलेला निघाला, आणि तो लपवला होता चाचणीच्या फाइलींमध्ये. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले; त्याचा माग काढत त्याने २९ मार्च २०२४ रोजी प्रकार उघड केला.

आवृत्तीच्या तीन आकड्यांच्या प्रचलित पद्धतीत मोडतोड करणाऱ्या बदलाला पहिला आकडा वाढतो, नव्या सोयीला मधला आणि दुरुस्तीला शेवटचा. आतला बदल मोठा असेल तर मधला आकडा वाढवण्याची मुभा आहे. लायब्ररीची देखभाल करणारे बरेच मेंटेनर ती वापरत नाहीत, हे खटकते. नावे बदलतानाची रीत मात्र बहुतेक लायब्रऱ्यांत सारखी आहे : नवे नाव पुढे आणायचे, जुने काही आवृत्त्या चालू ठेवायचे आणि ते वापरणाऱ्याला इशारा द्यायचा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकने बेळगावचे अधिकृत इंग्रजी नाव बदलून बेळगावी केले, तेव्हा गावांच्या नावांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांपुढे हाच प्रश्न आला. वेळेच्या पट्ट्यांच्या जागतिक माहितीसंचात ‘एशिया/कोलकाता’ हे नाव मुख्य आहे, तरी ‘एशिया/कलकत्ता’ लिहिलेला जुना प्रोग्रॅम आजही बरोबर भारतीय वेळ दाखवतो.