बेने इस्रायल फिरते प्रदर्शन : मागवण्याआधी वाचावे

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्रायली ज्यूंची परंपरा आहे. ही मंडळी कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव 'शनवार तेली' नाव पडले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर ही आडनावे गावांवरून आली. या समाजाचा इतिहास, कला आणि संस्कृती मांडणारे प्रदर्शन आम्ही शाळा, वाचनालये, संग्रहालये आणि महाराष्ट्र मंडळांना भाड्याने देतो. ते आपल्या दालनात नीट उभे राहावे आणि त्यातल्या वस्तूंचा मान राखला जावा, यासाठी हे पत्रक.

संचात काय असते

मोठ्या संचात 24 फलक, 5 काचपेट्या आणि कीर्तने ऐकण्यासाठी दोन हेडफोनचे एक टेबल असते; त्याला 1,200 चौरस फूट जागा लागते. लहान संचात 12 फलक आणि 1 काचपेटी. वर्गखोलीत किंवा वाचनालयाच्या ओसरीत मावतो. प्रत्येक फलक 3 फूट रुंद, 6 फूट उंच, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणलेले छापील कापड. फ्लेक्स वापरत नाही, कारण त्यावर दिवे चमकतात आणि मधल्या ओळी वाचता येत नाहीत. सनबोर्ड उन्हाच्या बाजूने वाकतो.

फलकांचा क्रम नवगावपासून सुरू होतो. पुढे सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेले पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), जुने लोक ज्याला मशीदच म्हणत. रेवदंडा, पनवेल आणि अलिबागची सिनेगॉग. बायबलमधल्या कथांवर रचलेली मराठी कीर्तने. 1937 मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस; 1948 नंतरचे इस्रायलला जाणे. एक फलक सणांच्या मराठी नावांचा आहे : दारफाळणीचा सण (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास), खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. लोक सर्वांत जास्त वेळ याच फलकापाशी थांबतात, म्हणून त्याच्यासमोर निदान 6 फूट जागा मोकळी ठेवा.

एका फलकाबद्दल आधीच सांगतो. इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या विवाहसंबंधांवर शंका घेतली. समाजाने आंदोलन केले, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. 'हा भाग जरा नाजूक आहे, वगळता येईल का', असे कधी कधी विचारले जाते. तो वगळून संच आम्ही देत नाही. मिळालेला मान समाजाने लढून मिळवला आहे, तो झाकून इतिहास सांगणे आम्हाला पटत नाही.

मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांचा एक गोंधळ नेहमी होतो. डेव्हिड ससून, भायखळ्याचे सिनेगॉग, पुण्याचे लाल देऊळ हे सगळे बेने इस्रायलींचे नव्हे, बगदादी ज्यूंचे. ते एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आले, घरात अरबी बोलत. बेने इस्रायली त्यांच्या कितीतरी आधीपासून इथले आणि मराठी बोलणारे. कोचीचे ज्यू तिसरे. पाचव्या फलकावर तिघांचा नकाशा आहे. मुलांना आधी तिथे न्या, मग पुढे.

अस्सल आणि प्रतिकृती

1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हगादेची आम्ही प्रतिकृती पाठवतो. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचे हे पुस्तक हिब्रू आणि मराठीत आहे, आणि त्यातल्या चित्रांत बायका साड्या नेसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. प्रतिकृती असल्याने पाने उलटता येतात. तोराची (ज्यू धर्मग्रंथाची) गुंडाळीही प्रतिकृतीच असते. खरी गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते, तिला उघड्या बोटाने शिवत नाहीत, आणि ती जमिनीवर पडली तर उपास करण्याची प्रथा आहे. शाळेच्या गर्दीत तिला नेणे योग्य नाही.

तोरा वाचताना ओळीवर धरायची चांदीची वाचनकाडी, हनुक्का या दिव्यांच्या सणाचा तेलाचा दिवा, लग्नातली साडी अशा काही अस्सल वस्तू कुटुंबांनी उसन्या दिलेल्या आहेत. त्या फक्त मोठ्या संचात, ऑक्टोबर ते मे या काळातच येतात. कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते; 65 च्या वर काही दिवस गेले की कापडावर आणि कागदावर बुरशी धरू शकते. पेटीत ती 45 ते 55 टक्के असावी. काचपेटीच्या तळाच्या कप्प्यात सिलिका जेलच्या थैल्या आणि आर्द्रतामापक आहे. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. एका दिवसात 5 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आम्हाला कळवा, पेटी उघडू नका.

लाकडी पेट्या टेम्पोतून उतरल्यावर 24 तास न उघडता दालनातच ठेवायच्या. उद्घाटनाची घाई असते हे समजते, पण गार पेटी दमट हवेत उघडली की धातूवर आणि काचेच्या आतून दव धरते. एसी रात्री बंद आणि दिवसा चालू करण्यापेक्षा अजिबात न लावणे बरे.

चांदी काळी पडण्याची कारणे बहुधा पेटीच्या आतच असतात : लोकरी कापड, रबर बँड, नव्या प्लायवूडचा वास. तेव्हा सुंदर दिसते म्हणून आपल्याकडचे मखमलीचे कापड आत अंथरू नका. कापड आणि कागदावर 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड नको. खिडकीतून येणारे दुपारचे ऊन याच्या शेकडो पट असते, म्हणून पेटीची जागा सकाळी न ठरवता दुपारी तीनला दालनात उभे राहून ठरवा.

उभारणी

तीन माणसांना मोठ्या संचाला 5 तास, लहानाला 2 तास लागतात. चौकटी स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात. भिंतीला खिळे किंवा दुहेरी चिकटपट्टी लागत नाही. (दमट हवेत ती पट्टी दुसऱ्या रात्री सुटते आणि डिस्टेंपरचे पापुद्रे घेऊन येते.) पायांवरच्या वाळूच्या पिशव्या काढू नका. उभा पंखा फलकाच्या मागून लावला की चौकट पुढे कलते.

आपण स्वतः हिब्रू मजकुराचे बॅनर छापून घेणार असाल तर छापण्याआधी नमुना आम्हाला दाखवा. बऱ्याच छपाईवाल्यांच्या संगणकावर हिब्रू अक्षरे डावीकडून उजवीकडे उलटी पडतात. आपल्याला कळत नाही, वाचणाऱ्याला लगेच कळते. मराठी जोडाक्षरेही याच टप्प्यावर तुटतात. आमच्या फलकांवर देवाचे हिब्रू नाव पूर्ण लिहिलेले नाही, कारण ते लिहिलेला कागद फाडत किंवा कचऱ्यात टाकत नाहीत, तो दफन करतात. आपल्या बॅनरवरही लिहू नका.

तारखा

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो. प्रदर्शन सिनेगॉगच्या आवारात असेल तर या काळात बंद, आणि शुक्रवारचे आवरणे दुपारी दोनपर्यंत झालेच पाहिजे. शाळेत किंवा सभागृहात शनिवारी उघडायला आमची हरकत नाही, पण समाजातल्या ज्येष्ठांना उद्घाटनाला बोलवायचे असेल तर रविवार धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधले नववर्ष आणि दारफाळणीचा सण, मार्च-एप्रिलमधला वल्हांडण यांच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या वर्षीच्या विचारून घ्या. मुलांना जवळच्या सिनेगॉगमध्ये नेणार असाल तर आधी लेखी परवानगी, मोठ्यांची ओळखपत्रे, आणि मुलग्यांसाठी डोक्यावर टोपी किंवा रुमाल.

मलिदा

उद्घाटनाला मलिदा, म्हणजे पोहे, नारळ आणि फळांचा प्रसाद, हवा, अशी मागणी बहुतेक ठिकाणी येते. 50 माणसांना अडीच किलो पोहे, 8 नारळ, दीड किलो साखर, वेलची, सुका मेवा आणि पाच प्रकारची फळे पुरतात. भिजवलेले पोहे आणि ओला नारळ एकत्र केल्यावर उन्हाळ्यात तीन तासांत आंबूस वास येतो, म्हणून खोबरे आयत्या वेळी मिसळावे. मात्र मलिदा हा एलियाहू हन्नबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने केलेला विधी आहे. प्रार्थना समाजातल्या माणसानेच म्हणावी. कोणी येणार नसेल तर खाऊ म्हणून पोहे द्या, त्याला मलिदा म्हणू नका. सोबत इतर जेवण असेल तर ज्यू आहारनियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र नको. बेने इस्रायली स्वयंपाकात नारळाचे दूध इतके का, याचे एक उत्तर यातच आहे.

आपला स्वतःचा कोपरा

शेवटचे दोन फलक कोरे येतात. ते आपल्या गावासाठी. तालुक्यातले बेने इस्रायली कुटुंब, बंद पडलेला घाणा, इस्रायल आळी, दफनभूमी यांचे फोटो आणि माहिती आपण गोळा करावी. शाळांनी मुलांना हे काम द्यावे. दफनभूमीतल्या नोंदी घेताना दगडावर खडू, पीठ किंवा तेल लावू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठतात. कुटुंबाचे फोटो लावण्याआधी लेखी संमती घ्या आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत करा. भाड्याने आणलेल्या बाकीच्या फलकांपेक्षा या दोघांना गावात जास्त किंमत येते, असे आमचे मत आहे.

परदेशी मंडळांसाठी

परदेशात फक्त फलक आणि प्रतिकृती जातात. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या वस्तू आणि 75 वर्षांहून जुनी हस्तलिखिते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. इस्रायलमधल्या मराठी वाचकांसाठी फलकांच्या तळाशी हिब्रू ओळींची पट्टी जोडता येते. त्यासाठी सहा आठवडे आधी कळवा.

परत पाठवताना

येताना प्रत्येक वस्तूचा फोटो आणि स्थितिपत्रक सोबत असते. उतरवताना तेच पत्रक हातात घेऊन दोघांनी मिळून तपासावे आणि सही करावी. विमा आमच्या दारातून आमच्या दारापर्यंतचा आहे, पण सही नसेल तर दावा अडतो. कापडी फलक घडी न घालता नळीवर, छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. टेम्पोवाल्याला 'विक्रीसाठी नाही, परत जाणार' असे लिहिलेले डिलिव्हरी चलन द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.