काना-मात्रेची चूक आणि अर्थाची चूक

नांदेडला मी पोरांना सॉकेट प्रोग्रामिंग, म्हणजे दोन प्रोग्रामांनी नेटवर्कवरून बोलायचं तंत्र, शिकवतो. माझी मराठी टिपणं त्यांच्यात फिरतात आणि लाल खुणा घेऊन परत येतात. मागच्या खेपेला एकाच पानावर दोन खुणा होत्या. एक, ‘सर्व्हर’च्या जागी ‘सर्वर’ पडलं होतं. दुसरी, रिसीव्हनं (समोरून आलेला डेटा घेणाऱ्या फंक्शननं) शून्य परत केलं तर ‘डेटा आला नाही’ असं मी लिहिलं होतं. तिथं ‘डेटा येणार नाही’ पाहिजे होतं. दोन्ही दुरुस्त्या बोटभर. पहिल्या चुकीनं कुणाचं काही अडलं नव्हतं. दुसरीनं परभणीच्या एका पोराची अख्खी रात्र खाल्ली.

“सर, प्रोग्राम वाट बघायलाय, पण लॅपटॉपचा पंखा लई पळायलाय,” एवढंच तो सांगत होता.

झालं असं. टीसीपी म्हणजे डेटा क्रमानं पोचवायची पद्धत, सॉकेट म्हणजे जोडणीचं टोक. टीसीपी सॉकेटवर डेटा अजून आलेला नसेल तर साधा रिसीव्ह परतच येत नाही, तिथंच थांबतो. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे न थांबणारं, असेल तर उणे एक देतो, ‘नंतर ये’ असा एरर कोड ठेवून. शून्य म्हणजे मात्र समोरच्यानं पाठवणं संपवलं, दुकान बंद. पोरानं माझं वाक्य खरं मानलं आणि शून्य आलं की पुन्हा रिसीव्ह, असं लूप लिहिलं. बंद दुकानाचं दार ठोठावलं की लगेच शून्य, पुन्हा ठोठावलं की पुन्हा शून्य. प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण त्यातच गुंतला. त्याच्या कोडात चूक नव्हती, चूक माझ्या क्रियापदाच्या काळात होती.

आणि गंमत म्हणजे माझी दुरुस्तीही अर्धीच होती. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत डेटा सुट्या पाकिटांत, म्हणजे डेटाग्राममध्ये, जातो, आणि रिकामं डेटाग्रामही पाठवता येतं. तिथं शून्य म्हणजे ‘पाकीट आलं, आत काही नाही’. म्हणून वाक्यात ‘टीसीपीवर’ हा शब्द घालावा लागला.

मग काना-मात्रेची चूक किरकोळच समजायची का? शाळेत बाई फळ्यावर ‘पाणि’ आणि ‘पाणी’ लिहायच्या; एक हात, एक जल. आमच्या धंद्यात तसं ‘बिट’ आणि ‘बाइट’. सेकंदाला 100 मेगाबिट म्हणजे 12.5 मेगाबाइट. एक मात्रा चुकली की हिशेब आठपटीनं हुकतो. म्हणून चूक किती अक्षरांची, हे मी मोजत नाही. त्या वाक्यावर भरवसा ठेवणाऱ्याचा कोड बदलेल का, एवढंच बघतो.

इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिलेत त्या आरएफसींनाही हीच वाटणी करावी लागली. आरएफसी एकदा प्रसिद्ध झाला की त्यात अक्षरही हलवत नाहीत. चुका वेगळ्या नोंदवतात, आणि नोंदवणाऱ्याला सांगावं लागतं, चूक एडिटोरियल (लिहिण्यातली) की टेक्निकल (अर्थातली). काही मान्य होतात, काही फेटाळल्या जातात, काही पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवतात. टीसीपीचा 793 हा आरएफसी सप्टेंबर 1981चा. त्याची जागा घेणारा 9293 ऑगस्ट 2022मध्ये आला. मधल्या काळातल्या दुरुस्त्या त्यात सामावल्या.

माझ्या टिपणांतलं आणखी एक वाक्य कुणालाच खटकलं नव्हतं: ‘एका सेंडचा मेसेज समोर एका रिसीव्हमध्ये मिळतो.’ शुद्धलेखन चोख, अर्थ साफ चूक. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती आठवा. पहिल्या फेरीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. ते पाणी एकत्र झाल्यावर आपल्या घागरीतलं कितव्या वाघिणीतलं, हे कोण सांगणार? टीसीपी बाइटचा क्रम राखतो, पण वाघिणींच्या सीमा राखत नाही. तीन सेंडचा माल एका रिसीव्हमध्ये येईल, नाहीतर एकाचा तीनदा. सीमा पाहिजेत तर लांबी आधी पाठवा, किंवा शेवटाची खूण ठरवा. यूडीपी बाटलीबंद पाण्यासारखा: बाटली फुटेल, हरवेल, मागचीपुढची होईल, पण दोन बाटल्यांचं पाणी मिसळणार नाही.

सगळ्यात फसवा शब्द मात्र ‘करावे’. आरएफसीत ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तरच सवलत. ही व्याख्या 1997च्या 2119व्या आरएफसीची. हा खास अर्थ फक्त मोठ्या लिपीतल्या शब्दांना, असा खुलासा 2017मध्ये झाला. मराठीला मोठी लिपी कुठली? आम्ही दोन्हींना ‘करावे’ लिहून मोकळे होतो. आता सक्ती असेल तिथं ‘केलेच पाहिजे’ लिहितो आणि ‘च’वर बोट ठेवून वाचायला लावतो.

परवा वसमतच्या एका मुलीनं पान परत दिलं. एका ‘च’ला तिनं गोल केला होता. “सर, मूळ आरएफसीत इथं शुड आहे.” बरोबर होतं तिचं. खोडला.