लॉगिनचा पासवर्ड वेगळा, डिस्कचा वेगळा
(आमच्याकडून लिनक्स मिंट बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

आमच्या दुकानातून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) बसवून नेलेल्या लॅपटॉपला दोन पासवर्ड असतात: एक लॉगिनचा, दुसरा डिस्कचा, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या फाइलना लावलेल्या कुलपाचा. लॅपटॉप हातात देताना हे आम्ही सांगतो, ग्राहक मान डोलावतात, आणि काही महिन्यांनी त्यांच्यापैकीच कुणीतरी काउंटरवर येऊन म्हणतं, "पासवर्ड बरोबर टाकतोय, पण घेतच नाही. तुम्हीच बसवलंय ना, तुम्हीच काढून द्या." काढून देता येत नाही. का नाही, आणि ही वेळ येऊच नये म्हणून काय करायचं, ते या कागदावर लिहिलं आहे. कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, घरी ठेवा.

मशीन चालू केलं की आधी 'प्लीज अनलॉक डिस्क' अशी चौकट येते. तिथे डिस्कचा पासवर्ड टाकायचा. तो टाकल्यावर डिस्क उघडते आणि मग तुमचं नाव असलेला पडदा येतो. तिथे लॉगिनचा. डिस्कचा पासवर्ड मशीन पूर्ण बंद करून चालू केलं तरच विचारला जातो. नुसतं झाकण मिटून उघडलं तर लॉगिनचाच विचारतो.

सगळा घोळ इथे होतो. बरेच जण लॅपटॉप महिनोन्‌महिने बंदच करत नाहीत. झाकण मिटायचं, उघडायचं. मधेच कधीतरी लॉगिनचा पासवर्ड बदलतात, कारण मुलाला कळलेला असतो किंवा ऑफिसात कुणी मागून पाहिलेला असतो. आणि समजतात की दोन्ही बदलले. डिस्कचा जुनाच असतो. मग एक दिवस चार्जर लावायचा राहतो, बॅटरी संपते, किंवा अपडेट झाल्यावर मशीन रीस्टार्ट मागतं, आणि त्या पहिल्या चौकटीत नवा पासवर्ड टाकला जातो. तीनदा चुकला की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी धावतात आणि शेवटी 'इनिटरॅमएफएस' असं काहीतरी येऊन कर्सर लुकलुकत बसतो. हार्ड डिस्क गेली असं वाटून माणूस घाबरतो. डिस्क ठणठणीत असते. पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा, पुन्हा चालू करा, आणि लॅपटॉप नेला त्या दिवशी आमच्या काउंटरवर तुम्ही स्वतः टाकलेला पासवर्ड टाकून पाहा. दहापैकी नऊ वेळा गोष्ट इथेच मिटते. कितीही वेळा प्रयत्न करा, डिस्क रुसून कायमची बंद होत नाही.

टाकताना कॅप्स लॉक पाहा. आकडे उजवीकडच्या पॅडवरून न टाकता वरच्या ओळीतले वापरा, कारण त्या वेळी नम लॉक बंद असू शकतो. आणि मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पासवर्ड केला असेल, तर स्पेलिंग तेच आठवा. 'वांगी' व्हीने लिहिली होती की डब्ल्यूने? 'भाकरी'च्या शेवटी एक आय की डबल ई? अशा दोन-तीन शक्यता कागदावर मांडून एकेक करून पाहिल्यावर अडकलेले लॅपटॉप उघडतात, हे दुकानात आम्ही रोज पाहतो.

आता काय करू नका. घरात संगणक शिकलेला भाचा किंवा पुतण्या असतोच. तो म्हणतो, "काका, पुन्हा इन्स्टॉल करून टाकू." करू देऊ नका. डिस्कच्या अगदी सुरुवातीला काही मेगाबाइटचा एक भाग असतो. डेटाची खरी किल्ली तिथे बंद करून ठेवलेली असते आणि तुमचा पासवर्ड ती किल्ली उघडतो. नव्या इन्स्टॉलेशनने तो भाग पुसला गेला, की नंतर पासवर्ड आठवला तरी फोटो, पावत्या, अशिलांची कागदपत्रं काही परत येत नाही. आमच्याकडून नाही, पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडूनही नाही.

याच्या उलट प्रसंग असा: मशीन चालू आहे, काम करतंय, आणि तुमच्या लक्षात आलं की डिस्कचा पासवर्ड आठवत नाही. अशा वेळी ते बंद करू नका. चार्जर लावून ठेवा आणि सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. चालू मशीनमध्ये डिस्क उघडलेलीच असते, त्यामुळे कॉपी नेहमीसारखी होते. मग निवांत या, नव्याने बसवून देऊ.

डिस्कचा पासवर्ड बदलायचाच असेल तर 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडा, डिस्क निवडा, 'चेंज पासफ्रेज' करा. ते आधी जुना मागतं. त्या वेळी खालच्या कोपऱ्यात कीबोर्ड मराठी दिसत असेल तर आधी इंग्रजी करा. सुरुवातीच्या त्या चौकटीत देवनागरी टाइप होत नाही.

"तुमच्याकडे एक प्रत ठेवत जा ना," असं पुष्कळ जण प्रेमाने सुचवतात. ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. पासवर्ड तुम्ही टाकता तेव्हा आमचा माणूस दुसरीकडे तोंड करून उभा राहतो, हा उद्धटपणा नव्हे. आमच्याकडे वकील, डॉक्टर, सीए, पतसंस्थांचे लोक येतात. सगळ्यांच्या किल्ल्या एका वहीत लिहून ठेवल्या तर चोराला फक्त ती वही पुरेल. विंडोजच्या नव्या घरगुती लॅपटॉपांत डिस्कला बहुधा कुलूप असतंच, पण त्याची रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास कुलूप उघडणारी जादा किल्ली) सहसा आपोआप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. विसराळू माणसाची सोय होते हे खरं, पण किल्ली दुसऱ्याच्या घरीही असते. आम्ही बसवतो त्यात ती फक्त तुमच्याकडे असते. सोय आणि जबाबदारी दोन्ही तुमची.

पासवर्ड फोडून का नाही देता येत? डिस्कच्या कुलपासाठी आम्ही लक्स-२ ही पद्धत वापरतो. तिच्यात पासवर्ड तपासायला मुद्दाम वेळ आणि मेमरी लागेल अशी योजना आहे. तुम्हाला ते एक-दोन सेकंदांचं थांबणं जाणवतही नाही, पण कोट्यवधी शक्यता चालवून पाहणाऱ्याचे प्रत्येक वेळी तेवढेच सेकंद जातात. पासवर्ड बरा असेल तर आयुष्य पुरत नाही. 'साईराम१२३' असेल तर मात्र एक दुपार पुरते, म्हणून तसले पासवर्ड आम्ही करू देत नाही. कृपया राग मानू नका.

काउंटरवर सापशिडीतले फासे दिसले तर ते यासाठीच आहेत. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१६ साली ७,७७६ सोप्या इंग्रजी शब्दांची यादी काढली. फासा पाच वेळा टाकला की एक शब्द ठरतो. असे सहा शब्द काढले की झाला पासवर्ड: लक्षात ठेवायला बरा, फोडायला अशक्यप्राय. फासे तुम्ही टाकायचे, शब्द तुम्हीच लिहायचे.

एका डिस्कला ३२ पर्यंत पासवर्ड देता येतात आणि त्यातला कोणताही एक चालतो. म्हणून आता आम्ही सुरुवातीलाच डिस्कचे दोन घालून देतो: एक रोजचा, दुसरा फाशांचा. फाशांचा कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा आणि बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवायचा. घरातल्या एका माणसाला पाकीट कुठे आहे ते सांगून ठेवा. माणूस अचानक गेला आणि घरच्यांना विम्याची कागदपत्रंही मिळाली नाहीत, हेही आम्ही पाहिलं आहे. जुन्या ग्राहकांपैकी ज्यांनी डिस्कचा एकच पासवर्ड ठेवला आहे त्यांना दुसरा मोफत घालून देतो. मात्र पहिला आठवत असतानाच यायला हवं, त्याच्याशिवाय दुसरा घालता येत नाही.

आणखी एक नेहमीचा प्रश्न: "सॉफ्टवेअर फुकट आहे, मग तुम्ही पैसे कसले घेता?" सॉफ्टवेअरचे घेत नाही. जुना डेटा नीट हलवणं, प्रिंटर चालू करणं, इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड बसवणं, शिकवणं आणि नंतर फोन उचलणं, याचे घेतो. जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमनसुद्धा १९८५ साली आपल्या ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकत असत. प्रोग्रॅम दुसऱ्याकडून फुकट घ्यायला कुणाची मनाई नव्हती. तुम्हालाही नाही. घरी स्वतः बसवलंत तरी आमची हरकत नाही, अडलात तर या.

कोड सगळ्यांना उघडा असला म्हणजे त्यात भोक नसतंच असं आम्ही म्हणत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या लायब्ररीत (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं उघडकीस आलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं. कोड उघडा असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आलं, आणि डेबियन व उबुंटू या लिनक्सच्याच प्रकारांच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये तो चोरदरवाजा शिरण्याआधीच पकडला गेला. कोड बंद असता तर त्याला फक्त तक्रार नोंदवून वाट पाहता आली असती. अपडेटची खूण दिसली की 'नंतर' करत बसू नका, हे यावरून सांगायचं.

डिस्कचं कुलूप चोरी, हरवणं आणि दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप यांपुरतं आहे. एकदा मशीन उघडून तुम्ही इंटरनेटवर गेलात की त्याचा उपयोग नाही. तिथे आम्ही फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवून देतो, पासवर्ड साठवायला कीपासएक्ससी. व्हॉट्सॲप सोडा असा आग्रह नाही. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप सोडून कुणी जगू शकत नाही हे आम्हालाही कळतं. फक्त चॅटचा बॅकअप गूगलवर जात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, करून घ्या, तो आपोआप तसा होत नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांना आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन रोज वापरणाऱ्यांना आम्ही मिंटवर या म्हणत नाही. त्यांना विंडोजच ठेवून देतो, कारण तिथे ओढाताण होते.

दुरुस्तीसाठी कीबोर्ड, स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला लॅपटॉप देताना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवू नका. आम्ही मशीन आमच्या पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने चालू करून तपासतो, तुमची डिस्क बंदच राहते. दुसऱ्या कुठे दुरुस्तीला दिलात तरी हीच पद्धत मागा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले आहेत. तसा जुना लॅपटॉप घरात पडून असेल तर भंगारात देण्याआधी एकदा दाखवायला आणा. चार जीबी रॅम असेल तरी मिंट बऱ्यापैकी चालतं. बॅकअपच्या डिस्क आमच्याकडे मिळतात, बाहेरून आणलेल्याही लावून देतो. त्यांनाही असंच कुलूप आणि असंच पाकीट लागतं. डिस्कचा दुसरा पासवर्ड घालायला शनिवारी दुपारी या, गर्दी कमी असते. चार्जर सोबत आणा.